ताऱ्याचा धिंगाणा वजा करताना

संगणकावरच्या आलेखात एका ताऱ्याची रेषा थरथरत होती. ग्रह फिरताना आपल्या ताऱ्याला किंचित मागेपुढे ओढतो, माणूस रमतगमत चालतो तेवढ्याच वेगाने. ती ओढ ताऱ्याच्या प्रकाशात शोधायची, हे आमचं काम. पण तारा शांत कुठे असतो? त्याच्या अंगावर आग उकळते, फुटते, पृथ्वीला गिळतील एवढे काळे डाग पसरतात. तारा गरगरतो तसे तेही ठरल्या वेळी फिरून येतात आणि ग्रहाचं सोंग घेतात. मागच्या महिन्यात अशाच एका डागाला ग्रह समजून आम्ही पेढे वाटून मोकळे झालो होतो.

या वेळी मी चिडून ताऱ्याचा सगळा धिंगाणा वजा केला. रेषा सपाट झाली.

शेजारच्या टेबलावरची वैशाली म्हणाली, "अगं, एवढं खरवडलंस तर असलेला ग्रहही जाईल."

मला आमचं घर आठवलं. बाबा भरलं ताट भिंतीवर आपटायचे, एकदा त्यांनी लाथेने दाराची कडी तोडली. लहानपण म्हटलं की तेवढंच आठवतं. आई त्या घरात होती, पण कुठे उभी असायची तेही मला सांगता येत नाही.

मी वजाबाकी पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले. बाबांचा उगारलेला हात कधीकधी मध्येच थांबायचा. तो कोणामुळे थांबायचा, हे मी कधी शोधलंच नाही.