कच्चा लाल

इतवारी बाजारामागच्या कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात देवरावचा हात लुगड्याच्या लाल किनारीसाठी नावाजलेला. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात हाच देवराव लाल सुताची लडी घेऊन नत्थूजी रंगाऱ्याच्या दारात गेला. "कच्चा रंग देल्ला तुनं. विटेवानी दिसून राहिला."

नत्थूजीनं लडी उन्हात धरली. सूत कुंकवासारखं लाल होतं. "काहून गा देवराव, सकाळपासूनच घेऊन राहिला का?"

देवरावनं उभ्या जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. पण परतताना पाय लटपटले, तो भिंत धरून चालला आणि मोहल्ल्याला तेवढं पुरलं. आमच्याकडे पुरावा लागतो तो चांगल्या गोष्टीला. वाईट ऐकीवही चालतं.

देवरावच्या आईवेगळ्या लेकीचं, उत्तराचं, लग्न उमरेडला ठरलं होतं. बापाबरोबर रस्त्यानं निघाली की ती चार घरं मागं राहायची. बापाची लाज वाटायची तिला, आणि ती लपवायचीही नाही.

देवरावच्या डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं तेव्हा तिनंच त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं.

"आतल्या पडद्यावरच्या शिरांभोवती पांढरी सूज आहे. हे दुखणं नुसतं डोळ्याचं नाही, मेंदूचं आणि मज्जातंतूंचं आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. मधेमधे झोपतं, पण या सुजेवरून वाटतं, सध्या ते जागं आहे. लाल रंग विटका दिसणं, पाय लटपटणं, सगळं त्यातलंच."

"आणि दारू?" उत्तरानं विचारलं.

"दारूचा काय संबंध?"

उत्तराची मान खाली गेली. बाहेर पायरीवर बसल्यावर ती म्हणाली, "बाबा, मंग इतके दिवस बोलले काहून नाही?"

"बिमारी कोणती ते कुठं माहीत होतं? आताही कोणाले सांगू नको वं. दारूच म्हण. दारुड्याची पोरगी लोक करून नेतात. घरात अशी बिमारी हाय म्हटलं तर उमरेडवाले उद्याच नाही म्हणतीन."

लग्नात जावयाचे पाय धुताना देवरावचा तोल गेला. तांब्या कलंडला, पाणी व्याह्यांच्या धोतरावर गेलं.

"आजच्या दिवस तरी सोडाची होती, देवरावजी," व्याही म्हणाले. मांडव हसला.

देवरावनं हात जोडले. "चुकलं माझं."

बाशिंगाखाली उत्तराच्या ओठांवर खरं आलं होतं. तिनं ते गिळलं. मग बापाच्या त्या जोडलेल्या हातांकडे तिला बघवेना.