पिकलेली सर्दी

गुलमंडीत कचरूचा पपईचा गाडा. देठाजवळ अंगठा दाबून फळ आज खायचं की परवा, हे तो सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. पंचाईत एवढीच, की माणसांची पारखही तो त्याच अंगठ्यानं करायचा. शिंकत, नाक पुसत कुणी गाड्यापाशी आलं की त्याचा सवाल तयार, "शेंबूड पातळ हाय का पिवळा? पिवळा ना? मंग पिकली. पिकली की सुटली."

त्याची नात मेघा बालवाडीतून फ्लू घेऊन आली. ताप आला, नाक वाहिलं, ताप उतरला. शेंबूड घट्ट, हिरवा झाला तसा कचरूनं निकाल देऊन टाकला. मग ताप पुन्हा चढला आणि पोर उजवा कान धरून रडायला लागली.

सून करुणा म्हणाली, "मामा, दवाखान्यात नेते हिला."

"आगं, पिकल्यावर कशाला डॉक्टर? दम धर जरा."

घरात त्याचा शब्द कुणी मोडत नसे. करुणा थांबली. दुसऱ्या सकाळी उशीवर पू दिसला, तेव्हा मात्र तिनं काही विचारलं नाही. पोरीला उचललं आणि निघाली. कचरू चपला शोधत मागं धावला.

डॉक्टरीणबाईंनी कानात बघितलं. पडद्याला भोक पडलं होतं.

"नाकात जंतू एरवीही राहतात, गुपचूप असतात," त्या म्हणाल्या. "फ्लूच्या विषाणूनं आतलं नाजूक अस्तर सोलवटलं की तेच जंतू बळावतात, कानाकडं सरकतात. शेंबूड हिरवा झाला त्याचं काही नाही. उतरलेला ताप परत आला ना, तेव्हाच आणायचं."

"म्हंजी घरातलेच उलटले," कचरू पुटपुटला. करुणानं त्याच्याकडं नुसतं बघितलं.

औषधानं ताप गेला, पू थांबला. पडदा बहुतेक भरून येईल, ऐकू किती येतं ते पुढं तपासू, असं बाई म्हणाल्या होत्या. त्या 'बहुतेक'नं कचरूची झोप उडाली. चूक आपली, हे त्याला पक्कं कळत होतं आणि त्याची लाज वाटत होती. तोंडातून मात्र निघत नव्हतं. शेवटी एका सकाळी ओट्यावर खेळणाऱ्या मेघाच्या उजव्या बाजूला तो टेकला आणि म्हणाला, "माझं चुकलं गं, बाई."

मेघानं मान वळवून त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"आबा, मोठ्यानं बोला ना. तुमचा घसा बसला का?"