पिंजाऱ्याचं शेवटचं कडवं

ते प्रकरण आठवलं की आजही मला हसू फुटतं आणि, सांगायला लाज कसली, डोळेही भरतात. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. मी अमरावतीला फौजदार होतो.

एका सकाळी खबऱ्या धापा टाकत आला. "सायेब, बाजारात तमाशा आहे. अकोल्याचा एक पिंजारी फडाच्या सरदाराचं डोस्कं फोडाले निंगाला!"

आम्ही पोचलो तेव्हा डोकं शाबूत होतं, डफ मात्र पिंजाऱ्याने हिसकावला होता. दोघांनाही ठाण्यात आणलं.

पिंजारी साठीचा, दाढीत कापूस अडकलेला. जबाबात म्हणाला, "गाणं गावं त्यानं, हजारदा गावं. पन शेवटच्या कडव्यात माह्यं नाव होतं. ते काढून यानं सोताचं घातलं. माही पोरगी अचलपूरले दिली आहे. तिच्या गल्लीत लोकं हे गाणं गाऊन राहिले. तिनं निरोप धाडला, अब्बा, तुमचं नाव कुठं गेलं?"

आमच्याकडे गाणं रचणारा आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. तेवढीच त्याची सही.

सरदार तोऱ्यात होता. "शब्द माहे, चाल बी माही. आईची आन!" खोटं बोलणारा शपथा जास्त घेतो, हा माझा अनुभव, पण शपथांवरून निकाल लागत नाही. मी त्याला गायला लावलं. दर ओळीत तो मध्येच क्षणभर थांबे.

"इथं काहून थांबतो?"

"आयकाले बरं लागते म्हनून."

पिंजारी खो खो हसला. "सायेब, माही कापसाची पिंजण उतरलो त्या सराईत ठेवली आहे. मागवा."

हवालदाराने ती आणली. जप्तीचा कापूस ठाण्यात पडलेलाच होता. मुद्देमाल पिंजायची परवानगी कुठल्याही हुकमात नाही, पण मी दिली. तार झणझणली, म्हातारा गाऊ लागला. चार ठोके झाले की नवा कापूस तारेखाली ओढायला त्याचा हात थांबे आणि नेमकं तिथंच गाणंही थांबे. ठाणंभर कापूस उडाला, शिपाई माना डोलवू लागले.

सरदाराने मान खाली घातली. "अकोल्यात याच्या दुकानापुढं आमच्या गाड्या थांबल्या होत्या, तवा आयकलं. थांबा कायचा, ते समजलंच नवतं."

मी कायदा चाळला. डफ हिसकावल्याचं कलम होतं, नाव हिसकावल्याचं नव्हतं. मग मी गुन्हाच नोंदवला नाही. सरदाराला म्हटलं, "त्या पोरीच्या दारासमोर जाऊन गा. शेवटचं कडवं जसं होतं तसं."

गडी दिलदार निघाला. म्हाताऱ्यासह अख्खा फड घेऊन अचलपूरला गेला. बंदोबस्ताचं निमित्त काढून मीही गेलो. शेवटचं कडवं आलं, तशी लेक दारात येऊन हसत रडू लागली आणि म्हातारा भर गल्लीत नाचला.

चोरी फक्त पेटीतल्या वस्तूंची होते, असं मी तोवर मानत होतो. या आठवणींत मी कुणाचं नाव घेत नाही, नोकरीतली सवय. पण इथं ते गाळलं, तर माझ्यात आणि त्या सरदारात फरक काय? गाणं रसूल पिंजाऱ्याचं होतं.