शेवंतीच्या मुळाशी तीर्थ

नित्यपूजा आटोपल्यावर अभिषेकाचे पाणी कोणाच्या पायाखाली येणार नाही अशा जागी विसर्जित करावे, हा नियम मी पाठशाळेत शिकलो आणि आजवर पाळला. कोल्हापुरातल्या आमच्या परसात तुळशीशेजारी पत्नीची शेवंती होती. ते पाणी मी तिच्या मुळाशी घालीत असे. जे फूल देवाला वाहायचे, त्याला देवाचेच स्नानोदक मिळावे, यात मला मोठे औचित्य वाटे.

ही शेवंती बाजारातल्यासारखी टपोरी नव्हे. फूल लहान, पिवळेधमक. सुवास मात्र ओंजळ रिकामी झाल्यावरही हाताला राहणारा. पत्नीच्या कागलच्या माहेरी विहिरीकाठी तिचा ताटवा होता. तिच्या आईच्या पश्चात तेथे ऊस लागला. तत्पूर्वी पत्नीने आणलेली एवढीच जुडी उरली होती. हे वाण आम्हाला पुढे कोठेही आढळले नाही.

गेल्या वर्षी श्रावणभर मी रोज पंचामृताचा अभिषेक केला. पाऊसही होताच. भाद्रपद लागता लागता शेवंतीची खालची पाने पिवळी पडली, मग काळी. मुळाशी मुंग्या झाल्या. मी अधिकच श्रद्धेने पाणी घालू लागलो. पत्नी सकाळी झाडापाशी उभी राही, एखादे वाळले पान खुडी आणि आत जाई.

पूजेची फुले आमच्याकडे एक वृद्ध चाचा देतात. पन्हाळ्याच्या वाटेवर त्यांची फुलशेती आहे. एके सकाळी पुडी देताना त्यांची दृष्टी माझ्या हातातल्या तांब्याकडे गेली.

"गुरुजी, ह्ये रोज घालतासा?"

"रोज. तीर्थ आहे."

ते उकिडवे बसले, चिमटीतली माती हुंगली आणि हसले. "दूध, दही, मध, साखर! झाड हाय का जावई हाय ह्यो? शेवंतीचं पाय वलं ऱ्हायलं की संपली ती. मुळं कुजली की हो!"

मी तांब्या खाली ठेवला. "मग हे पाणी घालू कोठे? पायदळी तर येता कामा नये."

"ती मागं केळ बघा की. किती बी घाला, पीतच बसलीया. तिच्या बुडात कोण नाचाय जातंय?"

कुजलेल्या बुंध्याच्या कडेला चार कोवळे फुटवे अजून जिवंत होते. चाचांनी ते मुळांसकट अलगद सुटे केले आणि तीन वाळूमिश्रित मातीच्या कुंड्यांत लावले. चौथा ओल्या फडक्यात गुंडाळला.

"ह्यो मी न्हेतो शेतात. हितं गुरुजी हाईत, भरवसा न्हाय."

पत्नी पदर तोंडाला लावून हसली. ते गेल्यावर मी तिला विचारले, "तुला कळले नव्हते का?"

"मुंग्या दिसत होत्या की."

"मग बोलली का नाहीस?"

"देवाचं पाणी. त्याला नको कसं म्हणायचं? आणि तुम्ही इतकं मनापासून घालत होता."

मी देवाचा मान राखला, तिने देवाचा आणि माझा. आणि त्या दोन आदरांच्या मध्ये तिच्या आईचे झाड मरत होते.

तीन कुंड्यांपैकी दोन गेल्या. तिसरीने गेला हिवाळा नुसत्या पानांवर काढला. तिला पाणी घालण्याचे काम पत्नीने स्वतःकडे घेतले; मी विचारलेही नाही.

यंदा कार्तिकात एका सकाळी पत्नीने दारात पुडी घेतली आणि ती न सोडताच थबकली. तिने पुडी नाकाशी नेली.

"आईकडची!"

"व्हय वैनी. त्या एका फुटव्याची अर्धी सरी भरली," चाचा म्हणाले. "तुमच्या कुंडीचं काय?"

कुंडीत तीन कळ्या होत्या. चाचांनी वाकून पाहिल्या आणि समाधानाने मान हलवली.

त्या दिवशी देवघर सुवासाने भरून गेले. पूजा संपवून मी अभिषेकाचा तांब्या उचलला आणि परसाकडे निघालो, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला,

"केळीला हं!"