भावाला वेगळं घर करून देणाऱ्या शैलजाताई

शैलजाताईंची आणि माझी पहिली भेट एका सरकारी दवाखान्यात झाली. माझा मुलगा नीलेश तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तो स्वमग्न आहे. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आम्ही सकाळपासून रांगेत होतो. नंबर पुकारणारा स्पीकर कर्कश होता. नीलेशने कान घट्ट दाबले आणि तो फरशीवर बसला. "एवढा बाप्या झालाय अन् लहान पोरावानी करतोय," असे कोणीतरी म्हणाले. मी त्याला दंडाला धरून उठवू लागलो, तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, "भाऊ, ओढू नका. आवाज सोसत नाहीये त्याला. जरा थांबा, आपल्याआपण उठेल."

त्यांनी शिपायाला विनंती केली आणि आम्हाला बाहेर, कडुलिंबाखाली बसायला नेले. तिथे त्यांचे धाकटे बंधू विनायकराव येरझाऱ्या घालत होते. तेही स्वमग्न; त्यांचेही काम दाखल्याचेच होते. ताईंनी डबा उघडला आणि मला विचारले, "तुम्ही काही खाल्लंत का?" नीलेशची चौकशी सगळेच करत. माझी करणाऱ्या त्या पहिल्या.

ताई ताथवड्याच्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरीला होत्या. आईवडील गेल्यावर विनायकरावांचे सगळे त्यांच्यावर आले. त्यांनी लग्न केले नाही. का, ते आम्ही विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

मूल लहान असते तोवर शाळा असते, शिकवणाऱ्या बाई असतात, लोकांना मायाही वाटते. त्याला मिसरूड फुटली की सगळे हळूहळू मागे सरतात. दाढी कोण करणार, दिवसभर त्याने करायचे काय, दुखलेखुपले त्याला सांगता आले नाही तर ओळखायचे कसे? हे प्रश्न घेऊन आम्ही काही आईबाप रविवारी ताईंच्या दिघीच्या घरी जमू लागलो. तिथे भाषण नसे. चहा असे, आणि बोलता बोलता कोणाचे डोळे मिटले तर त्याला तसेच झोपू देत. आपल्या मोठ्या मुलाला कोणी 'आमचं बाळ' म्हटले की मात्र ताई थांबवत. "पन्नाशीचा आहे माझा भाऊ. बाळ नाही तो. त्याला त्याच्या वयाचा मान द्या."

एकदा विनायकरावांनी जेवण टाकले. ताट पुढे आले की ते भिंतीवर डोके आपटून घेत. नातेवाईक म्हणाले, हट्टीपणा वाढलाय, गोळी वाढवा. ताईंनी ऐकले नाही. त्यांनी पातळ खिचडी दिली, ती विनायकरावांनी एका बाजूनेच चावली. दाढ सडली होती. पण दातांच्या दवाखान्याच्या खुर्चीत त्यांना बसवणार कसे? दुसरे पेशंट नसतील अशा वेळी ताई त्यांना तिथे रोज नुसते नेऊन आणत राहिल्या. आधी दारापर्यंत, मग आतल्या बाकापर्यंत, मग खुर्चीपर्यंत. त्यासाठी त्यांची शिलकी रजा संपली. दाढ निघाली त्या संध्याकाळी त्या मला एवढेच म्हणाल्या, "आता मला काही दिवस कोणी काही विचारू नका."

पुढे त्यांचे स्वतःचे ऑपरेशन झाले. त्या दवाखान्यात असताना मी विनायकरावांजवळ राहिलो. ताईंची घरी यायची वेळ झाली की ते दारात जाऊन उभे राहत आणि अंधार पडला तरी हलत नसत. माझ्या हातचे खात नसत. घरी परतल्यावर ताईंनी त्यांचा उतरलेला चेहरा पाहिला आणि खुर्चीत बसून मला म्हणाल्या, "भाऊ, मी गेले असते तर? आपण सगळे देवाला एकच मागतो, याच्यापेक्षा एक दिवस जास्त जगू दे. देव ऐकेलच कशावरून? माझ्याशिवाय राहायला त्याला मी असतानाच शिकवलं पाहिजे."

आम्ही तळेगाव दाभाड्याला भाड्याने घर शोधले. पूर्वी भोसरीत गॅरेज चालवणारे याकूबभाई देखभालीसाठी तिथे मुक्कामी राहायला तयार झाले. विनायकराव, माझा नीलेश आणि आणखी एक जण, असे तिघे तिथे राहणार होते. ताईंच्या चुलत्यांनी तोंडावर सांगितले, "भावाला टाकलंस." सोसायटीची बैठक बसली. अध्यक्ष म्हणाले, "ताई, आमची हरकत न्हाई, पण हितं बायकापोरं राहत्यात."

ताई उभ्या राहिल्या. दिवसभराची नोकरी करून त्या आल्या होत्या. आवाज चढवण्याचेही त्राण नव्हते. "मीही बाईच आहे. आयुष्य काढलंय त्याच्याबरोबर. तो जिन्यात भेटला तर तुमच्याकडे बघणार नाही, नमस्कार करणार नाही. तेवढं चालवून घ्या. आणि फटाके लावायच्या आधी याकूबभाईंना सांगा, ते तिघांना घेऊन बाहेर जातील." कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बघू, म्हणाले. ते 'बघू' आजही चालू आहे आणि घरही चालू आहे.

पहिले काही दिवस ताईंनी तिकडे फिरकायचे नाही, असे ठरले होते. मी तिथे होतो. त्या संध्याकाळी फोन करत.

"जेवला का?"

"जेवले. याकूबभाईंनी वरणभात केला होता."

"माझं विचारलं?"

पहिल्या दिवसांत विनायकरावांनी विचारले होते. मग एक दिवस असा आला की मला सांगावे लागले, "नाही ताई. आज नाही विचारलं."

त्या म्हणाल्या, "बरं झालं." त्यांचा आवाज फुटला होता.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. याकूबभाई थकले आहेत, त्यांच्या जागी माणूस मिळत नाही. नीलेश अजून कधी कधी हाताला चावे घेतो. आम्हीही दमलो आहोत, आणि ते लपवण्याची गरज नाही हेही ताईंकडूनच शिकलो.

गेल्या महिन्यात ताई तळेगावला गेल्या होत्या. विनायकराव धुतलेले कपडे वाळत घालत होते; ते काम त्यांचे, त्यात कोणी मध्ये आलेले त्यांना खपत नाही. ताईंनी सवयीने एक शर्ट उचलला. विनायकरावांनी तो काढून घेतला, ताईंची पर्स आणून त्यांच्या हातात दिली आणि दार उघडून म्हणाले, "ताई, घरी जा." ताई बाहेर आल्या आणि जिन्यातच बसून हसू लागल्या. "हाकललं हो मला! त्याच्या स्वतःच्या घरातून हाकललं!"

ताई, आपल्याला दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो. ते भावापेक्षा एक दिवस जास्त जगता यावे म्हणून नको. दुपारी निवांत झोपण्यासाठी, मनात आले की गावाला जाण्यासाठी आणि आपल्या भावाच्या घरी पाहुणी म्हणून जाण्यासाठी लाभो.