मोटारीच्या तेलाचा काटा

सन १९४३, कार्तिक महिना, आवळी नवमी. त्या दिवशीचे काम होते मोटारीतून काढलेले काळे तेल गाळून पुन्हा भरण्याजोगे करण्याचे.

लढाई चालू होती आणि इंजिनाचे नवे तेल मिळत नव्हते. नंदुरबारला कधीमधी येई, ते ओळखीच्या माणसांत संपे. माझी तिथे ओळख नव्हती. यजमान वारल्यावर ती जुनी, टपाला ठिगळे मारलेली मोटार विकून टाक, असे घरचे आणि बाहेरचे सगळे सांगत होते. मी विकली नाही. बाजाराच्या दिवशी तळोद्याहून अक्कलकुव्याला माणसे न्यायची, एरवी कापूस, मीठ, गूळ, असे तिचे काम मी चार वर्षे चालवले होते. मला गाडी हाकता येत नव्हती. बाकीचे सगळे येते, असा माझा समज होता.

काढलेले तेल मी महिनाभर डब्यात ठेवी. गाळ खाली बसला की वरचे तेल जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळायचे आणि इंजिनात घालायचे. या कामाला मी ड्रायव्हरला हात लावू देत नसे. त्या दिवशी फडक्यातून तेल उतरेना. तासाभरात वाटीभरही झाले नाही. तेव्हा आम्ही तिळाच्या तेलाचे करतो तसे मी केले. माझे माहेर तापीकाठच्या गुजरांचे. आमच्या घरी घाण्यावरून आलेले तेल रुईतून गाळतात. नरसाळ्याच्या तोंडाशी जिनातल्या, सरकी काढलेल्या ताज्या रुईचा बोळा बसवायचा. गाळ रुईत राहतो, तेल निर्मळ खाली येते. मोटारीचे तेलही आले. बोळा दबून काळा पडला की काढून दुसरा घालायचा. दुपारपर्यंत सगळा डबा झाला. मी हात राखेने धुतले आणि पुढच्या कामाला लागले. कोणाला सांगितले नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे वाटलेच नाही.

माझा ड्रायव्हर मोलगीच्या वाटेवरच्या एका पाड्यातला भिल्ल होता. तीस-बत्तीस वर्षांचा. लाकडाच्या ठेकेदाराच्या लॉरीवर क्लीनर राहून गाडी शिकला होता. बोलणे कमी. चार वर्षांत त्याने गाडी एकदाही नाल्यात रुतवली नव्हती, आणि आमच्याकडच्या नाल्यांतून जो गेला आहे त्याला याची किंमत कळेल.

गाळलेले तेल भरल्यावर पंधरा दिवसांनी तो ओसरीपाशी येऊन उभा राहिला.

“बाई, तेलना काटा खाले पडस.”

हा काटा स्टिअरिंगसमोरच्या पाटीवर असतो. तेल इंजिनात किती जोराने फिरते आहे ते तो दाखवतो. तो पडला आणि गाडी तशीच हाकली तर आत लोखंडावर लोखंड घासते आणि इंजिन जागच्या जागी बसते. ते बसले असते तर माझे कामच बसले असते. मी उठून तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल वरच्या खुणेपर्यंत होते.

“तेल तं भरेल शे,” मी म्हणाले.

“भरेल शे. तरी पडस. गाडी पयाडी का पडस. हुभी करी का हयूहयू वर येस.” पळवली की पडतो, उभी केली की हळूहळू चढतो, असे त्याचे म्हणणे.

“म्हंजे तू जोरमा हाकलस.”

“मी जोरमा कधी हाकलस, बाई?”

पुढच्या बाजारी मी स्वतः त्याच्या शेजारी बसले. तळोदा सोडले तेव्हा काटा ठीक होता. दोन-तीन मैलांनंतर तो उतरू लागला आणि पार तळाला टेकला. त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केले. थोड्या वेळाने सुरू केले, तर काटा पुन्हा वर. असे तीनदा झाले. तिसऱ्यांदा मागे बसलेला एक कोंबडीवाला ओरडला, “बाई, हाई मोटार शे का म्हैस? दर नालाले बठस!” सगळी गाडी हसली. मला हसू आले नाही.

त्याच थांब्यावर माझा पाय आसनाखालच्या बाटलीला लागला. बूच काढून वास घेतला. मोहाच्या बियांचे तेल. डोंगरातली माणसे ते घरी काढतात, दिव्याला आणि अंगाला लावतात. माझ्या डोक्यात तिथल्या तिथे सगळे जुळले. पट्टीवर तेल पूर्ण आहे आणि काटा पडतो, म्हणजे आत तेल भलतेच आहे. इंजिनाचे तेल याने काढून विकले आणि माप भरायला मोहाचे ओतले. तेव्हा इंजिनाच्या तेलाला कोणीही गिऱ्हाईक होते. मला हे पुरते पटले.

तिथे मोटारी थांबतात ती जागा बाजाराच्या तोंडाशीच. माणसे उतरत होती, चढणारी उभी होती, त्यांत त्याच्या पाड्यावरची दहा-पंधरा तरी. मी बाटली वर धरली.

“इंजिननं तेल कोले इकं? आनि हाई वतीसन माप भरं का?”

त्याला आधी समजलेच नाही. मग समजले.

“ते मन्ही सासूना गुडघासाठे शे, बाई.”

“गुडघासाठे!” असे म्हणून मी बाटली रस्त्यावर रिकामी केली. धुळीत तेलाचा गोळा झाला. त्याच्या पाड्यावरची एक म्हातारी पुढे आली, त्या धुळीकडे पाहिले आणि मागे झाली. मी चोर हा शब्द वापरला. एकदा नव्हे, दोनदा.

त्याने किल्ली आसनावर ठेवली, रिकामी बाटली उचलली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “बाई, हाई घरमा बोलतात तं चालतं.” आणि बाजारात शिरला. मोटार मी कापसाच्या एका लॉरीमागे दोराने बांधून घरी आणली. लॉरीचा क्लीनर स्टिअरिंग धरून बसला, मागे पंधरा मैल मी एकटी होते.

जिनाचा हंगाम जोरात होता, त्यामुळे तिथल्या मिस्त्रींना सवड मिळाली सहाव्या दिवशी. हे मिस्त्री वयस्कर. बाईने मोटारीचा धंदा करू नये असे ज्यांनी मला कधी ऐकवले नाही अशी तळोद्यात दोन-तीनच माणसे होती, त्यांतले एक. अंगणात गोणपाट पसरून ते बसले आणि त्यांनी आधी पाटीवरचा काटाच सोडला. जिनाच्या इंजिनाचा एक काटा त्यांनी बरोबर आणला होता, तो नळीला जोडला.

“पहिले काटाच खोटा बोलस का ते देखो. मानूस खोटा बोलस तसा काटा बी बोलस.”

इंजिन सुरू करून वेग वाढवला. थोड्या वेळाने त्यांचाही काटा तसाच उतरला. काटा खोटा नव्हता. मग त्यांनी विचारले, नेमका पडतो केव्हा? ड्रायव्हरने जे सांगितले होते तेच मी सांगितले. त्यांनी इंजिन बंद केले.

“पयाडी का पडस? आनि हुभी करी का वर येस?”

“हो.”

“मंग बेअरिंग नही. बेअरिंग झिजेल ऱ्हातं तं उलटं व्हतं. हुभ्या गाडीमा पडता, पयाडावर चढता. वहिनी, पंपले तेल पुरत नही. तेल शे, पन त्याना तोंडवर कायतरी बठेल शे.”

मी मोहाच्या तेलाची गोष्ट सांगितली. त्यांनी पट्टीवरचे तेल दोन बोटांत चोळले, वास घेतला आणि हसले.

“वहिनी, तुम्ही कोनता गावन्या? ह्या थंडीमा मोहनं तेल बाटलीमा बी थिजस. इंजिनमा ऱ्हातं तं सकायले काटा वर चढता, खाले नही.”

हे मला माहीत होते. आमच्या घरीही मोहाच्या तेलाची बाटली हिवाळ्यात उन्हात ठेवल्याशिवाय ओतता येत नाही. मी रस्त्यावर ओतलेले तेल गोळा होऊन पडले तेही मी डोळ्यांनी पाहिले होते. माहीत असून मी ते वापरले नाही, कारण चोर आधी ठरला होता.

मिस्त्री गाडीखाली शिरले. इंजिनाच्या बुडाला तेलाची परात असते, तिला ते चेंबर म्हणत. ती सोडून त्यांनी बाहेर ओढली. पंप जिथून तेल शोषतो तिथे तारेची जाळी असते. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर करड्या रंगाचा जाड थर बसला होता, घोंगडीच्या तुकड्यासारखा. मिस्त्रींनी नखाने तो सोलला, रॉकेलमध्ये बुडवून पिळला आणि चिमटीत धरून ताणला. तंतू सुटे झाले. काळे गेले आणि आतून पांढरे दिसू लागले.

“हाई तं रुई शे,” ते म्हणाले. जन्मभर जिनात काम केलेल्या माणसाला ते ओळखायला कितीसा वेळ लागणार? “तेल रुईवर गायं कोनी? एक एक तंतू तेलबरोबर उतरना आनि जाळीवर बठना. गाडी पयाडी का पंप ओढस, तो थर चिपकस, तेल बंद. हुभी करी का सैल व्हस. तुम्हना डायवर खरं सांगी ऱ्हायंता.”

मी हात पुसायला फडके पुढे केले.

“त्यानीच गायं व्हई. डोंगरना मानूस, त्याले काय समजस.”

त्यांनी हात पुसले.

“ठेकेदारना मुनीम मले इचारी ऱ्हायंता, त्याले लॉरीवर ठेवू का म्हनीसन. चोर शे असं बाजारमा बोलतस, म्हनीसन तो मुनीम अडेल शे. सकाय बाजारले भेटीन, त्याले सांगसू. चोर नही, पन येडा शे, ठेवू नको.”

मी म्हणाले, “चहा घेता का?”

हे वाक्य मी बोलले ते मला आजही ऐकू येते. मिस्त्रींची मला भीती नव्हती. पण हा माणूस मला हुशार समजत होता आणि ते मला सोडवेना. मी आत जाऊन चहा टाकला. त्या चुलीमागच्या फडताळात उरलेल्या रुईची पुडी होती. ती मी चुलीत घातली. चहा नीट झाला नव्हता. मिस्त्रींनी तो तसाच घेतला. जाळी रॉकेलने धुतली, चेंबर पुसून बसवले, मी डब्यातले उरलेले तेल फडक्यातून दोनदा गाळून दिले; त्यातला गाळ रुईत राहिला होता, त्यामुळे ते आता भराभर उतरले. दिवस मावळायच्या आत इंजिन सुरू झाले. मिस्त्रींनी बराच वेळ वेग वाढवून धरला. काटा जिथे असायला हवा तिथे उभा राहिला आणि हलला नाही.

“देखा,” ते म्हणाले. मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. बाजारला जायला गाडी तेच हाकणार होते. दारात बसून ते निंबाच्या काडीने दात घासत होते.

“रुईवर तेल मी गाळले,” मी म्हणाले. “ड्रायव्हरने त्या डब्याला कधी हातही लावलेला नाही.”

काडी तोंडातच राहिली.

“मंग काल तोंडमा मूग धरेल व्हतात का?”

“हो.”

त्यांनी चूळ भरली, डोक्याला फेटा गुंडाळला आणि गाडीत मला मागे माणसांत बसायला सांगितले. मला ते बरोबर वाटले.

अक्कलकुव्याला माणसे उतरण्याआधी मी पायरीवर उभी राहिले आणि मोठ्याने सांगितले, अहिराणीतच सांगितले, म्हणजे कोणाला कळले नाही असे होऊ नये. तेल कोणी चोरले नाही. मोहाचे तेल इंजिनात नव्हतेच. रुई मी घातली, गाडी माझ्यामुळे बिघडली, आणि मी त्याला चोर म्हटले ते खोटे. मग मागून कोणी म्हणाले, “बाईनी मोटारले गोधडी शिवी!” आणि हशा उसळला. मी तो संपेपर्यंत उभी राहिले.

ड्रायव्हर मिठाच्या गोण्यांपाशी बायकोबरोबर उभा होता. त्याने सगळे ऐकले होते. मी त्याच्याकडे चालत गेले.

“मन्ही चूक व्हती. परत ये.”

त्याने गाडीकडे पाहिले. “जाळी रॉकेलमा धुई का?”

“धुई.”

“काटा?”

“जागावर शे.”

त्याने मान हलवली. त्याची बायको माझ्याकडे बघत होती. तिने नजर काढली नाही.

“मी येत नही, बाई,” तो म्हणाला. “ठेकेदारना मुनीम तठे लाकडासनी गाडीपान हुभा शे. आठे बोलनात ते त्यानी आयकं नही. त्याले सांगा.”

मुनीमाला सांगितले की हा माणूस लॉरीवर लागणार आणि माझी मोटार ड्रायव्हरवाचून उभी राहणार, हे मला सरळ दिसत होते. मिस्त्रींना जिन सोडून रोज येता येणार नव्हते. मी लाकडाच्या गाडीपर्यंत गेले, मुनीमाला हाक मारली, आणि पायरीवरून सांगितले होते ते सगळे पहिल्यापासून पुन्हा सांगितले. त्यांनी विचारले, “गाडी कशी हाकतो?” मी म्हणाले, “माझ्याकडे चार वर्षे होता. याच्यासारखा दुसरा तुम्हाला मिळणार नाही.”