उरलेली लाल कांडी

सुलूताई गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा बाहेरच्या खोलीत तिच्या मुली चपला काढत होत्या. तिच्या म्हणजे शिकवणीच्या. ताईने लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कुणाला उत्तरही दिलं नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर भिवंडीतल्या आमच्या घरी ती लूमवर राबणाऱ्यांच्या मुलींना विज्ञान शिकवायची. मी तिची धाकटी बहीण, पतपेढीत कारकुनी केलेली. रसायनशास्त्राशी माझा संबंध खाण्याच्या सोड्यापुरता.

शाळेत तिला वरून सांगण्यात आलं होतं, समीकरणं पाठ करून घ्या, या मुलींना पुढे कुठे शिकायचंय... ताई भडकली. दुसऱ्या दिवशी सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या पिशवीभर घेऊन वर्गात गेली. पांढरी कांडी हायड्रोजन, लाल ऑक्सिजन. दोन पांढऱ्या नि एक लाल रबराने बांधली की पाणी. हे वायू एकेकटे नसतात, जोडीनेच असतात; म्हणून हायड्रोजनची एक जोडी नि ऑक्सिजनची एक जोडी घेऊन बसलं की शेवटी एक लाल उरायचीच, आणि दरवर्षी कुणीतरी ती पाण्याच्याच रबरात कोंबायची.

"मॅडम, हो गया बराबर."

"झालं? मग पी," ताई म्हणायची. "हे हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, याने प्रोसेसच्या कारखान्यात कापड पांढरं करतात. पाणी राहिलं का ते? जुडीत हात घालायचा नाही. हायड्रोजन कमी पडतोय, तर आणखी एक जोडी आण."

दिवस झाल्यावर भाचा आला. म्हणाला, "आत्या, बाहेरची खोली पार्सलवाल्यांना देऊन टाक. शिकवणी आता कोण घेणार?"

"इथे जवळ पूर्ण्याला एवढी गोडाऊन आहेत, तिकडे जा म्हणावं त्यांना. शिकवणी होणार."

"तुला येतं का त्यातलं काही?"

"शिकेन."

तो हसला. हसू दे. ताईलाही पुष्कळजण हसले होते.

गेल्या रविवारी मुलींना बोलावलं. ताईची जुनी विद्यार्थिनी नसरीन आता कॉलेजात आहे, ती शिकवायला आली आणि मी मुलींत जाऊन बसले. तिने पाणी करायला मलाच पुढे काढलं. एक लाल उरली. ताईची फार आठवण आली, डोळे भरले, आणि त्या भरात मी ती कांडी जुडीत खुपसायला गेले...

"खाला, आप पियेंगी क्या?" मागून एक मुलगी म्हणाली.

मी कांडी खाली ठेवली आणि पिशवीतून आणखी एक पांढरी जोडी काढली. पाण्याच्या दोन जुड्या झाल्या, काही उरलं नाही. भाच्याला संध्याकाळीच कळवलं, खोली रिकामी नाही.